वाफसा, पाणंद आणि फोर बाय फोर: रोजच्या वापराचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: गाव परभणीपासून ३० किलोमीटरवर, नोकरी परभणीत, म्हणजे रोज जाऊन-येऊन ६० किलोमीटर. शेत गावापासून ३ किलोमीटर, पाणंद काळ्या मातीची, पावसाळ्यात तिथून दुचाकीही निघत नाही. घरात नवरा-बायको, दोन मुलं आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई. गाडी एकच घेणार. थ्री-डोअर थार डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी) घ्यावी, जिम्नी की गुरखा? आणि घेतली तर रोज चालवणं झेपेल का?

सगळ्यात आधी माणसं मोजा. थ्री-डोअर थार चार जणांची आहे, पाच दरवाजांची जिम्नीसुद्धा चार जणांचीच आणि थ्री-डोअर गुरखाही तशीच. तुम्ही पाच जण आहात. मुलगा मांडीवर बसेल हा हिशेब दोन वर्षांत संपतो, आणि अपघातात मांडीवरच्या मुलाला धरून ठेवणं कुणालाच शक्य होत नाही. शिवाय थ्री-डोअरमध्ये मागे जायचं तर पुढची सीट कलती करून त्या फटीतून आत शिरावं लागतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्या, लुगडं नेसणाऱ्या बाईला हे रोज जमणार नाही. तेव्हा यादीत राहतात थार रॉक्स, स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, पाच दरवाजांची गुरखा, आणि फोर बाय फोरचा हट्ट सोडला तर बोलेरो निओ. फोर बाय फोर वापरण्याचा भाग वगळता पुढचं सगळं मात्र यातल्या कुठल्याही गाडीला लागू पडतं.

आता किलोमीटर. वर्षाचे ३०० दिवस ६० किलोमीटर म्हणजे १८,००० किलोमीटर डांबर आणि सिमेंट. शेताकडे वर्षाला १२० फेऱ्या धरल्या तर ७२० किलोमीटर पाणंद. त्यातल्या खऱ्या चिखलातल्या ३०-४० फेऱ्या, म्हणजे फार तर २४० किलोमीटर. शंभरातला एक-सव्वा किलोमीटर. ही गाडी डांबरावर कशी वागते, किती पिते, उन्हात किती गार राहते यावरच तुमची रोजची सुखदुःखं ठरणार. चिखलाचा भाग गाडीपेक्षा चालवणाऱ्याने जास्त शिकायचा आहे.

पेट्रोल-डिझेलचा खर्च कोरड्या आकड्यांत. डिझेल ९१ आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरा. या वजनाच्या डिझेल फोर बाय फोरला गाव-शहर-हायवे मिळून ११ ते १२ चा ॲव्हरेज पडतो. १८,००० किलोमीटरला साधारण १,५६५ लिटर, म्हणजे १ लाख ४२ हजार. जिम्नीचा पेट्रोलवर १४ धरला तर १ लाख ३५ हजार, म्हणजे फरक नसल्यात जमा. लिटरला १८ देणारी साधी पेट्रोल हॅचबॅक १ लाख ५ हजारांत वर्ष काढते. या अंगाची पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली आणि ८.५ चा ॲव्हरेज पडला तर आकडा २ लाख २२ हजारांवर जातो. रोजचे ६० किलोमीटर असताना या वर्गात पेट्रोल ऑटोमॅटिकच्या वाटेला जाऊ नका. टायरचा खर्च वेगळा: १८ इंची रिमचा रुंद टायर एकेक दहा-बारा हजारांच्या पुढेच असतो, आणि फोर बाय फोरला चारही टायर एका मापाचे, साधारण सारखे झिजलेले लागतात. दोन बदलून भागत नाही.

डिझेल घेताना डीपीएफ समजून घ्या. बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी ही जाळी असते. ती भरली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडून काजळी जाळतं, पण त्यासाठी गाडी गरम आणि पळती लागते: तासी ५०-६० चा वेग, २,००० च्या आसपास आरपीएम, सलग १५-२० मिनिटं. तुमची एकेरी फेरीच ३० किलोमीटरची असल्याने तुम्हाला हा त्रास होणार नाही. हीच गाडी घरातल्या दुसऱ्या कुणी फक्त बाजार-शाळा-बँक करायला वापरली तर तीन-चार महिन्यांत दिवा लागतो. दिवा लागला की त्याच दिवशी हायवेवर काढा, चौथ्या गिअरात धरा, आणि काजळी जळत असताना मधेच चावी बंद करू नका. असं चार-पाचदा अर्धवट सोडलं की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. वाढलेली पातळी हे शुभलक्षण नाही, ऑइल लगेच बदला. ज्या गाडीत डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) वेगळी टाकी आहे तिथे बंद कॅनमधलंच द्रावण घाला. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो हे ऐकून काही जण गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून घालतात. खताच्या युरियातली घाण आणि नळाच्या पाण्यातले क्षार इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट दोन्ही खातात. बचत शेकड्यांत, दुरुस्ती लाखात.

आता मूळ मुद्दा, काळी माती. जाहिरातीत गाडी चिखल उडवत जाते तो चिखल बहुतेक वेळा लाल किंवा वाळूमिश्रित असतो, चाकाला धरून ठेवत नाही. आपली माती चिकणमातीची, पाणी प्यायली की फुगते आणि चाकाला लोण्यासारखी लागते. दहा-पंधरा मीटरमध्ये टायरच्या खाचा भरतात आणि फोर बाय फोर असो की फोर बाय टू (दोनच चाकांना ताकद), चारही चाकं गुळगुळीत गोळे होतात. ज्याला पकडच नाही असं एक चाक फिरवा नाहीतर चार, फरक एवढाच की चार चाकांवर गाडी आणखी वीस मीटर आत जाऊन रुतते. आणि तिथून काढायला ट्रॅक्टरही नीट उभा राहत नाही.

म्हणून नियम तोच जो पेरणीला लावता: वाफसा, म्हणजे ओल आहे पण माती चिकटत नाही अशी अवस्था. मूठभर माती चार बोटं खालून उकरून घ्या, कारण वरचा थर उन्हाने सुकलेला असतो आणि आत लगदा असतो. मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर गाडी घाला. चपटा होऊन तसाच पडला तर गाडी डांबराच्या कडेला लावा आणि चालत जा. पायताणाला चालताना इंचभर मातीचा थर चढत असेल तर गोळा करायचीही गरज नाही. मोठ्या पावसानंतर उघडीप मिळून वाफसा यायला रानाच्या निचऱ्याप्रमाणे दोन ते पाच दिवस लागतात. तेवढे दिवस कुठलीही गाडी, कितीही लाखांची, पाणंदीत घालू नये.

वाफशाच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे कडेने घट्ट आणि मधे ओलं, अशा अवस्थेत फोर बाय फोरचे पैसे वसूल होतात. तिथे पद्धत महत्त्वाची. चिखल लागायच्या आधी, डांबर सुटल्यावर लगेच फोर एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाका. चाकं फिरायला लागल्यावर लिव्हर ओढू नका. खड्डे-ओघळ असतील किंवा भार असेल तर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन फोर एल (चारही चाकं, कमी वेग आणि जास्त जोर). फोर एच दुसऱ्या गिअरात किंवा फोर एल तिसऱ्यात, दीड ते दोन हजार आरपीएम, पाय स्थिर. मधे थांबू नका, ब्रेक लावू नका, गिअर बदलू नका. वेग तुटायला लागला तर स्टेअरिंग पाव वळसा डावी-उजवीकडे हलवा, टायरची कड बाजूच्या घट्ट मातीत रुतून थोडी पकड मिळते. चाक जागेवर दोन सेकंदांपेक्षा जास्त फिरलं की ॲक्सिलरेटर सोडा. पुढे जायचा हट्ट न करता आपल्याच चाकोरीने मागे या, ती दाबलेली असते. नुसतं फिरवत बसलात तर गाडी स्वतःची विहीर खणते.

पाणंदीतला दुसरा धोका ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांचा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची उंची आणि पोटाखालची मोकळी जागा तुमच्या गाडीपेक्षा खूप जास्त. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०. हे माप गाडीच्या सगळ्यात खालच्या भागाचं असतं, आणि तो भाग म्हणजे बहुधा मागच्या ॲक्सलचा डिफरन्शियलचा गोळा (चाकांना एकमेकांपेक्षा कमी-जास्त फिरू देणारे गिअर यात असतात). चाकोरी वीतभरापेक्षा खोल असली की गोळा मधल्या वरंब्यावर टेकतो, चाकं अधांतरी होतात आणि मग दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं डिफरन्शियलचं लॉकही कामाला येत नाही. खोल चाकोरीत दोन्ही बाजूंची चाकं कधीच घालू नका. एका बाजूची चाकं वरंब्यावर आणि दुसऱ्या बाजूची कडेच्या धुऱ्यावर ठेवून जा. उन्हाळ्यात याच चाकोऱ्या वाळून दगड होतात, तेव्हा त्या जास्त घातक. टायरची कड तिथेच फाटते.

टायरबद्दल गोंधळ फार आहे. एमटी, म्हणजे मोठ्या गोट्यांचे मातीचे टायर, काळ्या मातीत खरोखर उजवे ठरतात, कारण त्यांच्या रुंद खाचा वेगाने फिरताना माती बाहेर फेकतात. पण तेच टायर तुमच्या १८,००० किलोमीटरमध्ये आवाज करतील, ॲव्हरेज खातील आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर उशिरा थांबतील. तुमच्यासाठी एटी टायर, म्हणजे डांबर आणि माती दोन्हींवर चालणारा, कंपनीच्याच मापाचा. कुणी ३३ इंचीचा आग्रह धरेल. १८ इंची रिमवरच्या २५५/६५ टायरचा व्यास साधारण ७८९ मिलिमीटर, ३३ इंचीचा ८३८. फरक ६ टक्क्यांचा: स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०६ ने पळते, प्रत्येक गिअर तितका लांब होतो, क्लच लवकर जातो आणि वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच. जाता जाता जिम्नीची बाजू सांगितली पाहिजे. तिचा १९५ चा अरुंद टायर आणि जेमतेम १२ क्विंटल वजन, यामुळे जिथे वर चिखल आणि खाली हातभरावर मुरूम आहे तिथे ती चिखल कापून मुरमाला पोचते, आणि तिच्यापेक्षा पाच क्विंटल जड गाडी तिथे घसरत राहते. बारा फूट खोल काळ्या रानात मात्र दोघींची गत एकच.

हवा दरवाजाच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी, सकाळी टायर गार असताना तपासा. मे महिन्यात भर दुपारी पंपावर ती चार-पाच पीएसआय जास्त दिसते म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक. रात्री तोच टायर कमी हवेवर पळतो, कडा तापतात आणि सिमेंटच्या रस्त्यावर फुटतो. समृद्धीवर जाणार असाल तर हे आधी. पाणंदीसाठी ६-८ पीएसआय कमी केले तर टायर पसरतो आणि पकड वाढते. २० च्या खाली उतरू नका, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. डांबराला लागण्याआधी हवा परत भरायचीच, त्यासाठी थेट बॅटरीला चिमटे लावायचा १२ व्होल्टचा कंप्रेसर गाडीत ठेवा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा कंप्रेसर लावला की फ्यूज उडतो.

पंक्चरचं खरं कारण आपल्याकडे खिळे नाहीत, खुंट आहेत. तूर किंवा पऱ्हाटी विळ्याने तिरपी कापली की जमिनीवर भाल्यासारखे खुंट राहतात आणि ते टायरच्या कडेत घुसतात, जिथे पंक्चर काढता येत नाही. कापणी झालेल्या रानात गाडी ओळींच्या आडवी घालू नका. वेड्या बाभळीचा काटा घुसला तर रानात उपटू नका. ट्यूबलेसमध्ये तोच बूच असतो, हवा तपासत दुकान गाठा.

फोर एचबद्दल एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नसतं, फोर एच टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर घसरून हा फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर तो निघत नाही आणि ट्रान्सफर केसमध्ये (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीत) पीळ साठतो. गाडी वळताना कुणी मागे ओढल्यासारखी अडखळते आणि लिव्हर टू एचला (दोन चाकांवर) येत नाही. तसं झालं तर जोर लावू नका, सरळ रेषेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो. याच्या उलट चूक म्हणजे फोर बाय फोर सहा-सहा महिने न वापरणं. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर तीन-चार किलोमीटर फोर एच आणि थोडं फोर एल चालवा, म्हणजे पुढच्या ॲक्सलला ऑइल फिरतं आणि जोडणारी यंत्रणा अडकत नाही.

पाणी. थारची पाण्यात उतरण्याची कंपनीने दिलेली मर्यादा ६५० मिलिमीटर, गुरखाची ७००. हे आकडे साचलेल्या पाण्याचे आहेत, वाहत्या नाहीत. फरशी पुलावरून दोन फूट पाणी वाहत असेल तर ते दोन टनांची गाडीसुद्धा उचलून कडेला लोटतं, कारण मोठे टायर आणि बंद केबिन होडीसारखे तरंगतात. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा, मांजरा, सीना कशा वाहिल्या ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पुलाची कड दिसत नसेल तर गाडी वळवा. साचलेल्या पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हा खर्च बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं जोडकलम घेतलेलं असावं. पाण्यातून आल्यावर आठवड्याभरात दोन्ही डिफरन्शियलचा फिलर बोल्ट उघडून ऑइल पाहा. चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे, लगेच बदला. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीसचे निपल असतील तर जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं मारा.

धुणं हा या गाडीच्या देखभालीचा निम्मा भाग आहे. वाळलेली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून राहते आणि दुसऱ्या दिवशी ७०-८० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरायला लागतं. लोक अलाइनमेंट, बॅलन्सिंग, बुश बदलत सुटतात. आधी चारही रिम आतून धुऊन बघा, दहातल्या सात वेळा तेवढ्यानेच थांबतं. गाडीचा खालचा भाग साध्या पाण्याने भिजवून पंधरा मिनिटं सोडा, मग फवारणीच्या एचटीपी पंपाने धुवा. मडगार्डच्या आतले कोपरे, चेसिसची पाणी निचरायची भोकं, ब्रेक डिस्कच्या मागचा पत्रा, या तीन जागा विसरू नका. रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरवर मात्र जोराचा फवारा मारू नका, पातळ पापुद्रे आडवे होतात. साध्या पाईपने, आतून बाहेरच्या दिशेने धुवा. मेमध्ये एसी कमी पडतो म्हणून गॅस भरून घेण्याआधी कंडेन्सरमध्ये मागच्या पावसाळ्याची माती तर नाही ना, ते बघा. एअर फिल्टर ५,००० किलोमीटरला उघडून बघा आणि कंपनीच्या मुदतीच्या निम्म्यावर बदला. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तर दर पंधरा दिवसांनी.

गाडीत खत भरण्याआधी विचार करा. युरियाची ४५ किलोची गोणी जाता-येता टाकणं सोयीचं वाटतं, पण सांडलेलं खत हवेतलं पाणी ओढतं आणि मॅटखालचा पत्रा, सीटखालचे वायरिंगचे कनेक्टर गंजवतं. टाकायचीच तर खाली जाड ताडपत्री.

रुतल्यावर ट्रॅक्टर येणारच. साखळी बंपरला, स्टेअरिंगच्या रॉडला किंवा टो-बॉलला बांधू देऊ नका, चेसिसच्या हुकालाच. साखळीपेक्षा ९ मीटरचा, ८ टनांचा कापडी पट्टा आणि दोन ४.७५ टनांचे शॅकल (बोल्टाच्या लोखंडी कड्या) ठेवा. पट्ट्यावर मधे एखादं भरलेलं बारदान टाका, तुटला तर उडायचा जोर कमी होतो, आणि माणसांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करा. ट्रॅक्टरने झटका न देता कमी गिअरात सावकाश ओढायचं. त्याआधी चाकापुढची माती फावड्याने उकरून खाली तुराट्यांचा थर घालून पाहा, बऱ्याचदा एवढ्यानेच निघते.

वरच्या सजावटीचे पैसे वाचवा. पुढचा लोखंडी बुल बार २०१७ पासून बेकायदा आहे आणि एअरबॅगच्या वेळेचंही गणित बिघडवतो. सस्पेन्शन उंच करणं डांबरावर गाडी डुलवतं. मांजरसुंब्याच्या घाटात किंवा कन्नडच्या घाटात उंच गाडी वळणावर कशी कलते याचा अंदाज आला की हा मोह सुटतो. मूळची गाडीच उंच आहे, सवय होईपर्यंत घाटात हॅचबॅकपेक्षा दहाने कमी वेग ठेवा. सॉफ्ट टॉपचा, म्हणजे कापडी छताचा, विषय परभणीच्या ४३ अंशांत काढूच नका.

मग घ्यावी कोणती? एकच गाडी आणि फोर बाय फोर हवीच असेल तर डिझेल मॅन्युअल रॉक्स किंवा स्कॉर्पिओ-एन. रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेललाच मिळतं. पाच दरवाजांची गुरखा पुढे-मागे दोन्ही लॉक देते आणि कष्टाला चिवट आहे, पण रोज परभणीच्या गर्दीत ती अंगावर येते, आणि जवळचं सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे ते आधी विचारा. पण पाणंदीच्या तुमच्या ४ टक्क्यांसाठी मला जास्त पटतो तो दुसरा मार्ग: मागे लॉकिंग डिफरन्शियल असलेली बोलेरो निओ, एटी टायर, आणि फोर बाय टू घेतल्याने वाचलेल्या पैशांतून पाणंदीच्या सगळ्यात वाईट तुकड्यावर मुरूम. शेजारच्या शेतकऱ्यांची वर्गणी मिळाली तर उत्तम. शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत हे काम बसतं का आणि त्यासाठी ठराव झाला आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारा. दोनशे मीटर मुरूम पडला तर त्याचा फायदा उसाच्या ट्रॉलीलाही होतो.

टेस्ट ड्राइव्हला आईंना सोबत न्या. त्यांना पायरीशिवाय आणि पायरी लावून, दोन्ही प्रकारे मागच्या सीटवर चढा-उतरायला सांगा, आणि गतिरोधक-खड्ड्यांच्या रस्त्यावर मागे बसवून पाच किलोमीटर फिरवा. शोरूमवाल्याला फोर एल एकदा टाकून दाखवायला सांगा. ज्याला ते जमत नाही त्याच्या वर्कशॉपमध्ये ट्रान्सफर केसचं काम द्यायचं की नाही, तेही तिथेच कळेल.